महासाथ आणि दीर्घकालीन आजाराची बालके : दाहक आंत्रविकाराचा धडा
(व्याख्यानाची संहिता)



साथ आली की समाजाचे सारे लक्ष साथीकडे लागते. रोजची रुग्णसंख्या, मृत्यूंचे आकडे, रुग्णालयांतील खाटा यांच्या चर्चेत आधीपासूनच आजारी असलेल्या माणसाचा आवाज ऐकू येईनासा होतो. त्यातही तो आजारी जीव म्हणजे लहान मूल असेल आणि त्याच्या आजाराचे नावही शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ऐकलेले नसेल, तर त्याची व्यथा घराच्या चार भिंतींतच राहते. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले. त्यानंतरच्या काळात जगभरातील असंख्य बालकांच्या वाट्याला हा अनुभव आला. आतड्यांच्या दाहक विकाराने, म्हणजे ज्याला वैद्यकात ‘इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज’ अथवा संक्षेपाने ‘आयबीडी’ म्हटले जाते त्या आजाराने, ग्रासलेली बालके त्यांपैकीच होत. या बालकांना विषाणूपासून जेवढा धोका होता, त्याहून अधिक धोका उपचारांत पडलेल्या खंडापासून होता. या एका विधानाचा अर्थ नीट उमगला, तर आरोग्यव्यवस्थेच्या आपत्कालीन नियोजनातील एक मोठी उणीव स्पष्ट होते.

आजाराचे स्वरूप

आयबीडी या संज्ञेत प्रामुख्याने दोन आजारांचा समावेश होतो. पहिला ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’. यात मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराला सूज येऊन व्रण पडतात. दुसरा ‘क्रोन्स डिसीज’. यात तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गाच्या कोणत्याही भागाला आणि आतड्याच्या भिंतीच्या सर्व थरांना दाह होऊ शकतो. बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळे या दुसऱ्या आजाराला क्रोन यांचे नाव मिळाले. ‘आयबीएस’ म्हणून ओळखला जाणारा आतड्यांच्या कार्यातील बिघाड आणि आयबीडी हे दोन्ही एकच, असा गैरसमज अनेकदा होतो. आयबीएसमध्ये आतड्याला जखम होत नाही. आयबीडीमध्ये ती होते, हा दोहोंतील मूलभूत भेद आहे.

हा आजार संसर्गजन्य नाही. आनुवंशिक प्रवृत्ती, आतड्यांतील सूक्ष्मजीवांच्या समतोलात झालेले बदल आणि परिसरातील घटक यांच्या परस्परक्रियेतून शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर सतत आघात करीत राहते. वारंवार जुलाब, शौचावाटे रक्त, पोटदुखी, ताप, वजन घटणे आणि रक्तक्षय ही त्याची प्रमुख लक्षणे होत. भारतात त्याचे निदान विशेष अवघड ठरते. क्रोन्स डिसीज आणि आतड्यांचा क्षयरोग यांची लक्षणे इतकी मिळतीजुळती असतात, की अनेक रुग्णांना आधी क्षयरोगाची औषधे दिली जातात आणि गुण न आल्यावर खरे निदान होते. शौचातील रक्ताकडे साधी आव किंवा मूळव्याध म्हणून दुर्लक्ष होते, हेही नेहमीचेच.

प्रौढांच्या तुलनेत बालकांमध्ये हा आजार बहुधा अधिक व्यापक व तीव्र असतो. त्याखेरीज एक हानी अशी आहे जी केवळ बालकांचीच होते. दाहामुळे शरीरात निर्माण होणारी द्रव्ये वाढीच्या संप्रेरकांच्या कार्यात अडथळा आणतात, भूक मंदावते, अन्नरस शोषला जात नाही आणि स्टेरॉइडचा दीर्घ वापर झाल्यास त्यात भर पडते. परिणामी उंची खुंटते, पौगंडावस्था लांबते. हाडांची वाढ होण्याचा काळ मर्यादित असतो. तो सरल्यावर गमावलेली उंची परत मिळविता येत नाही. म्हणूनच प्रौढाच्या आयुष्यातील सहा महिने आणि बारा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातील सहा महिने यांची किंमत सारखी नसते. महासाथीच्या काळात ‘थोडे थांबू या’ असे म्हणणे या बालकांच्या बाबतीत का परवडणारे नव्हते, ते यावरून ध्यानात येईल.

उपचार म्हणजे अखंड साखळी

आयबीडी समूळ नाहीसा करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. मात्र दाह शमवून तो शांत ठेवता येतो. त्यासाठी मेसालामिन, स्टेरॉइड, अ‍ॅझाथायोप्रिन व मेथोट्रेक्सेट यांसारखी औषधे आणि इन्फ्लिक्सिमॅब, अ‍ॅडॅलिमुमॅब यांसारखी जैविक औषधे वापरली जातात. क्रोन्स डिसीज झालेल्या बालकांना सहा ते आठ आठवडे केवळ विशिष्ट द्रवरूप पोषक आहारावर ठेवण्याची पद्धतही प्रचलित आहे. या आहाराने स्टेरॉइड टाळून दाह शमविता येतो, शिवाय पोषण सुधारते.

यांपैकी इन्फ्लिक्सिमॅबचे उदाहरण विशेष बोलके आहे. हे औषध शिरेतून दिले जाते. पहिल्या मात्रेनंतर दुसऱ्या व सहाव्या आठवड्यात आणि पुढे साधारणतः दर आठ आठवड्यांनी ते द्यावे लागते. ते २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात साठवावे लागते. मात्रा चुकली की रक्तातील औषधाचे प्रमाण घटते आणि शरीर त्या औषधाविरुद्धच प्रतिपिंडे तयार करू शकते. मग पुढील मात्रेच्या वेळी तीव्र प्रतिक्रिया येण्याचा संभव वाढतो, किंवा औषध कायमचे निष्प्रभ ठरते. म्हणजे येथे चुकलेली मात्रा ही केवळ पुढे ढकललेली मात्रा नसते; ती उपचाराचा एक मार्गच बंद करू शकते. स्टेरॉइडच्या बाबतीत धोका वेगळा आहे. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी बंद केल्यास अधिवृक्क ग्रंथींचे कार्य अपुरे पडून जीवावर बेतू शकते.

टाळेबंदी आणि तीन अडसर

भारतात कोविड-१९ चा पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये आढळला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. रुग्णालये, औषधांची दुकाने आणि रुग्णवाहिका यांना टाळेबंदीतून वगळण्यात आले होते. परंतु प्रवासी रेल्वेगाड्या थांबल्या, आंतरराज्य बससेवा बंद पडली आणि अनेक मोठ्या रुग्णालयांनी नियमित बाह्यरुग्ण विभाग बंद ठेवून मनुष्यबळ कोविडकडे वळविले.

या परिस्थितीचा अर्थ समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्यात राहणारी बारा वर्षांची एक मुलगी आहे. तिला क्रोन्स डिसीज असून लखनौच्या रुग्णालयात दर आठ आठवड्यांनी इन्फ्लिक्सिमॅब दिले जाते. पुढची मात्रा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आहे. वडिलांचे रोजचे काम बंद आहे. लखनौ शेकडो किलोमीटर दूर आणि गाडी नाही. शेजारी सांगतात, की ‘हे औषध प्रतिकारशक्ती कमी करते, तेव्हा कोरोनाच्या दिवसांत ते न घेतलेलेच बरे.’ मुलगी सध्या बरी दिसते आहे. अशा वेळी कोणत्या पित्याला प्रवासापेक्षा थांबणे शहाणपणाचे वाटणार नाही?

या उदाहरणात तीन अडसर एकत्र आले आहेत. पहिला भीतीचा, दुसरा अंतराचा आणि तिसरा खर्चाचा. या तिन्हींचा स्वतंत्रपणे विचार करणे आवश्यक आहे, कारण प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे.

भीतीला पुराव्याचे उत्तर

महासाथीच्या प्रारंभी डॉक्टरांच्या मनातही हीच शंका होती. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या बालकाला कोविड झाला तर काय होईल, हे कोणालाच ठाऊक नव्हते. युरोपातील बालरोग जठरांत्रतज्ज्ञांच्या संघटनेच्या ‘पोर्टो गटा’ने मार्च २०२० मध्ये विविध देशांतील अनुभव तातडीने एकत्र केला. २६ मार्चपर्यंत जगभरात आयबीडी असलेल्या आठ बालकांना कोविड झाल्याचे या गटाला कळले होते. आठही जणांचा आजार सौम्य होता, कोणालाही रुग्णालयात दाखल करावे लागले नाही. याउलट चीन व दक्षिण कोरियात ७९ बालकांची जैविक औषधे लांबणीवर पडली होती. त्यांपैकी १७ बालकांचा, म्हणजे सुमारे २२ टक्क्यांचा, आतड्यांचा आजार पुन्हा उसळला. या आधारावर गटाने स्पष्ट शिफारस केली, की जैविक औषधांसह नेहमीचे उपचार चालूच ठेवावेत.

त्याच महिन्यात अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ आणि न्यूयॉर्कचे माउंट सायनाय येथील वैद्यकीय महाविद्यालय यांच्या पुढाकाराने ‘सिक्युअर-आयबीडी’ नावाची आंतरराष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. आयबीडीच्या रुग्णाला कोविड झाल्यास त्याची माहिती कोणत्याही देशातील डॉक्टरने ओळख न देता तेथे नोंदवावी, अशी ही व्यवस्था होती. ३३ देशांतील ५२५ रुग्णांच्या पहिल्या विश्लेषणात स्टेरॉइडचा वापर आणि गंभीर कोविड यांचा संबंध आढळला; इन्फ्लिक्सिमॅबच्या गटातील औषधांचा तसा संबंध आढळला नाही. पुढे २३ देशांतील २०९ बालकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांतील १४ बालकांना रुग्णालयात दाखल करावे लागले, दोघांना कृत्रिम श्वसनयंत्राची गरज भासली आणि एकही मृत्यू झाला नाही.

अशी आकडेवारी वाचताना सावधगिरी हवी. नोंदवहीतील माहिती डॉक्टरांनी स्वेच्छेने पाठविलेली होती. त्यामुळे ती सर्व रुग्णांचे चित्र दाखवते, असे म्हणता येत नाही. शिवाय औषध चुकलेल्या बालकांचा गट आणि कोविड झालेल्या बालकांचा गट हे दोन वेगळे गट आहेत. त्यांच्या टक्केवारीची सरळ तुलना करणे शास्त्रीय ठरणार नाही. तरीही दोन्हींतून निघणारी दिशा एकच आहे. दाह आटोक्यात ठेवणारी औषधे चालू ठेवावीत आणि स्टेरॉइडची गरज पडेल अशी वेळच येऊ देऊ नये. औषध सोडलेल्या मुलाचा आजार उसळला, की त्याला नेमके स्टेरॉइड द्यावे लागते आणि रुग्णालयातही न्यावे लागते. म्हणजे संसर्ग टाळण्यासाठी औषध थांबविणारा पालक नकळत मुलाला दोन्ही धोक्यांच्या अधिक जवळ नेतो.

अंतराला जवळच्या सेवेचे उत्तर

दुसरा अडसर अंतराचा. बालकांच्या पचनसंस्थेच्या आजारांचे तज्ज्ञ देशात थोडे आहेत आणि ते बहुतांशी मोठ्या शहरांतील संस्थांत एकवटलेले आहेत. केंद्रीय आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्रालयाने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनविषयक मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यामुळे दूरध्वनी किंवा चित्रफितीद्वारे सल्ला देण्याला सुस्पष्ट चौकट मिळाली. आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाला त्याच आजारासाठी पुढील औषधे लिहून देणे त्यामुळे सुकर झाले. १३ एप्रिल २०२० रोजी ‘ई-संजीवनी ओपीडी’ सुरू झाली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत ई-संजीवनीवरील सल्ल्यांच्या संख्येने १० कोटींचा टप्पा गाठला.

आतड्यांचा आजार दुरून कसा तपासणार, असा प्रश्न येथे उद्भवतो. अल्सरेटिव्ह कोलायटिसची तीव्रता मोजण्यासाठी बालकांकरिता ‘पुकाई’ हा निर्देशांक वापरला जातो. त्यात केवळ सहा बाबी विचारल्या जातात : पोटदुखी, शौचावाटे रक्त, शौचाचे स्वरूप, चोवीस तासांतील शौचाची संख्या, रात्री शौचासाठी उठावे लागते काय, आणि मूल नेहमीसारखे खेळते-वावरते काय. यासाठी रक्ततपासणी लागत नाही, दुर्बिणीची तपासणीही लागत नाही. एकूण ८५ गुणांपैकी १० पेक्षा कमी गुण म्हणजे आजार शांत. ६५ किंवा अधिक म्हणजे तीव्र, आणि अशा मुलाला विलंब न करता रुग्णालयात दाखल करावे लागते. ही माहिती आई दूरध्वनीवरून देऊ शकते. रक्तातील पेशींची मोजणी जवळच्या प्रयोगशाळेत होऊ शकते. शौचातील ‘कॅलप्रोटेक्टिन’ या प्रथिनाच्या तपासणीसाठी मुलाने नव्हे, तर केवळ नमुन्याने प्रवास केला तरी पुरते.

मात्र दूरसल्ल्याला मर्यादाही आहेत. वजन व उंची मोजावीच लागते. शिरेतून द्यावयाचे औषध पडद्यावरून देता येत नाही. म्हणूनच तज्ज्ञ शहरात, सल्ला दूरध्वनीवर आणि मात्रा जिल्हा रुग्णालयात, अशी त्रिस्तरीय व्यवस्था हे या अडसराचे खरे उत्तर आहे. बलियाच्या मुलीला लखनौच्या तज्ज्ञांनी लिहून दिलेले औषध तिच्याच जिल्ह्यात, शीतसाखळी सांभाळून, प्रशिक्षित परिचारिकेच्या देखरेखीखाली मिळाले असते, तर तिच्या वडिलांना निवड करण्याची वेळच आली नसती.

खर्चाचा प्रश्न

२३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेली आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. परंतु तिचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. आयबीडीसारख्या आजारात खर्चाचा मोठा भाग घरी घ्यावयाची औषधे, नियमित तपासण्या आणि प्रवास यांवर होतो. मजुरी बुडालेल्या कुटुंबाला नेमका हाच भाग जड जातो. जैविक औषधांच्या भारतात तयार होणाऱ्या समतुल्य आवृत्त्यांमुळे किमती उतरल्या असल्या, तरी त्या सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आल्या आहेत, असे म्हणता येणार नाही.

येथे आणखी एक धोरणात्मक बाब नोंदविण्याजोगी आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल यांसारखे रक्ताचे आजार आहेत, आयबीडी नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. वाढ खुंटलेल्या, सतत रक्तक्षय असलेल्या आणि दीर्घकाळ जुलाब होणाऱ्या मुलांच्या मागे हा आजार असू शकतो, याची जाणीव तपासणी पथकांना करून दिल्यास निदानातील विलंब निश्चितच कमी होईल.

घर, लस आणि शाळा

साथीच्या काळात अशा बालकाच्या संगोपनाचा मोठा भार घरावरच पडतो. किमान एक महिन्याची औषधे घरात शिल्लक असणे, उपचारांची संपूर्ण नोंद एका वहीत असणे आणि तज्ज्ञांशी संपर्काचा एक निश्चित मार्ग असणे या तीन गोष्टी पालकांना मोठे बळ देतात. ताप आल्यास पॅरासिटामॉल चालते. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके आतड्यांचा दाह वाढवू शकतात, म्हणून ती तज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. कोविडमध्येही जुलाब व पोटदुखी होऊ शकते आणि कोविडनंतर काही बालकांत दिसून आलेल्या बहुअवयवी दाहाच्या विकारातही पोटाचीच लक्षणे ठळक असतात. तेव्हा प्रत्येक जुलाब हा जुन्या आजाराचाच, असे गृहीत धरणेही तितकेच धोक्याचे होते.

भारतात १५ ते १८ वयोगटाचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ पासून कोव्हॅक्सिनने, तर १२ ते १४ वयोगटाचे १६ मार्च २०२२ पासून कॉर्बेव्हॅक्सने सुरू झाले. या दोन्ही लसींत जिवंत विषाणू नसल्याने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या मुलांनाही त्या देता येत होत्या. गोवर-रुबेला किंवा कांजिण्यांसारख्या, दुर्बल केलेले जिवंत विषाणू असणाऱ्या लसी मात्र अशी औषधे चालू असताना सामान्यतः टाळाव्या लागतात. त्यामुळे निदान होताच, औषधे सुरू करण्यापूर्वी लसींची नोंद तपासणे अगत्याचे ठरते.

शाळेचा प्रश्न याहून नाजूक आहे. दिवसातून आठ-दहा वेळा शौचाला जावे लागणारे मूल त्याविषयी वर्गात बोलत नाही. टाळेबंदीत घरून शिकताना अशा काही मुलांची ही अडचण तात्पुरती मिटली. पण मैत्री, खेळ आणि मोकळेपणा हिरावला गेला. शाळा पुन्हा उघडल्यावर वर्गातून केव्हाही बाहेर जाण्याची मुभा, स्वच्छ व पाणी असलेले शौचालय आणि परीक्षेत आवश्यक तो जादा वेळ या साध्या सोयी मिळाल्या, तर अशी मुले शिक्षण अर्धवट सोडणार नाहीत. यासाठी मोठ्या निधीची नव्हे, तर शिक्षकाच्या समजुतीची गरज आहे.

पुढील साथीसाठी

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविड-१९ विषयीची जागतिक आरोग्य आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तत्पूर्वी, २०२० मध्येच तिने १०५ देशांत केलेल्या पाहणीत सुमारे ९० टक्के देशांनी अत्यावश्यक आरोग्यसेवा विस्कळीत झाल्याचे नोंदविले होते. भारतातही आरोग्य मंत्रालयाने १४ एप्रिल २०२० रोजी अत्यावश्यक सेवा चालू ठेवण्यासंबंधी मार्गदर्शक टिपण काढले आणि मधुमेह, उच्च रक्तदाब अशा आजारांच्या ज्ञात रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतची औषधे देण्याची दिशा दाखविली. ही दिशा योग्यच होती. उणीव राहिली ती इतकीच, की कमी संख्येने आढळणाऱ्या व गुंतागुंतीच्या आजारांची बालके अशा यादीत सहजी येत नाहीत.

सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानामुळे रुग्णाची नोंद त्याच्या संमतीने एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात पोहोचविणे शक्य झाले आहे. मे २०२५ मध्ये जिनिव्हा येथे जागतिक आरोग्य सभेने महासाथविषयक करार स्वीकारला. साधने व चौकटी आता अधिक आहेत. प्रत्येक जिल्ह्याच्या आपत्कालीन आराखड्यात ‘खंड पडल्यास हानी होईल अशा उपचारांवरील बालके’ या मथळ्याचे एक पान असणे, ही आता अशक्य अपेक्षा उरलेली नाही. त्या पानावर डायलिसिस, रक्तसंक्रमण, इन्सुलिन व कर्करोग यांच्या जोडीने आयबीडीच्या बालकांचीही नावे असावीत.

सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करताना विद्यार्थी योजनांची नावे आणि तारखा पाठ करतात. ते आवश्यकही आहे. परंतु कोणत्याही योजनेची खरी परीक्षा सर्वांत दूरच्या, सर्वांत अपरिचित गरजूपाशी होते. बलियाची ती मुलगी काल्पनिक असली, तरी तिची आठ आठवड्यांची मुदत काल्पनिक नाही. पुढील साथ येईल तेव्हा त्या मुदतीच्या दिवशी तिचे औषध तिच्या जिल्ह्यात पोहोचले, तर २०२० साली झालेल्या हानीतून देश काही शिकला, असे म्हणता येईल.